गाणी वाजतात, मग नकाशा का वाचला जात नाही?

जुनी पण सुस्थितीतली, एकेकाळी महागडी असलेली गाडी घेणाऱ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. डॅशबोर्डवर पडदा आहे, नकाशाची डिस्क घालायचा खण आहे. काही गाड्यांत त्याच खणात गाण्यांची सीडीही चालते, आणि ती बिनतक्रार वाजते. नकाशाची डीव्हीडी घातली की मात्र यंत्र थोडा वेळ घरघरतं आणि पडद्यावर संदेश येतो : डिस्क वाचता येत नाही. पुसून झालं, काढून-घालून झालं, बॅटरीची वायर सोडून पुन्हा जोडून झाली. कोणी म्हणतं उपग्रहाचा सिग्नल नसेल, कोणी म्हणतं लेन्स गेली, आणि शोरूमवाले अख्खं युनिट बदलायला सांगतात.

यातलं एखादं निदान खरंही असेल. पण पैसे खर्च करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. यंत्राला डिस्क वाचता येत नाहीये, की वाचता येऊनही ते ती नाकारतंय? या दोन बिघाडांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि बहुतेकांचा खर्च वाया जातो तो हा फरक न केल्यामुळे.

१. उपग्रहांना यातून वगळा

जीपीएसचे उपग्रह नकाशा पाठवत नाहीत. प्रत्येक उपग्रह सतत एवढंच सांगत असतो की मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून गाडीतला रिसीव्हर आपले अक्षांश-रेखांश काढतो. त्या आकड्यांच्या जागी रस्ता आहे, पूल आहे की तळं, हे त्याला ठाऊक नसतं. ते डिस्कवर असतं.

खरं तर गाडीतला नकाशा जीपीएसच्या आधीपासून आहे. होंडाने १९८१मध्ये जपानमध्ये जी यंत्रणा विकायला काढली, तिच्यात पडद्यासमोर पारदर्शक नकाशे सरकवावे लागत आणि गाडी कुठे वळली हे वायूवर चालणारा जायरो सांगे. १९८५मध्ये अमेरिकेत ‘एटॅक’ कंपनीने नकाशे चक्क कॅसेटवर दिले. चाकं किती फिरली आणि होकायंत्र काय म्हणतं यावरून तिची यंत्रणा गाडीची जागा ताडत असे आणि नकाशातल्या रस्त्यांशी जुळवून चूक सुधारून घेत असे. जपानी गाड्यांत १९८७मध्ये नकाशाची सीडी आली, १९९०मध्ये माझ्दाच्या ‘युनोस कॉस्मो’त जीपीएस आलं, आणि १९९७मध्ये पायोनियरने डीव्हीडीवरचा नकाशा आणला. पुढची दहाएक वर्षं हा डीव्हीडीचा काळ होता. आज दुरुस्तीला येणारी युनिट प्रामुख्याने त्याच काळातली.

उपग्रहाचा भाग ठीक आहे का, हे तपासणं सोपं आहे. बऱ्याच यंत्रणांच्या सेटिंगमध्ये अक्षांश-रेखांश किंवा सापडलेल्या उपग्रहांची संख्या दाखवणारं पान असतं. तिथे आकडे दिसत असतील तर रिसीव्हर चालू आहे, प्रश्न डिस्कच्या बाजूला आहे. तारीख मात्र वीस वर्षं जुनी दिसत असेल तर घाबरू नका. जीपीएस आठवडे मोजतं, आणि मूळ रचनेत ही मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. एप्रिल २०१९मध्ये ती दुसऱ्यांदा शून्यावर आली आणि अनेक जुन्या यंत्रांची तारीख चुकली. त्याचा डिस्क वाचण्याशी काही संबंध नाही.

२. डिस्कवर काय असतं

डिस्कवरची माहिती एकाच सलग वेटोळ्यात लिहिलेली असते, आणि चकली पाडताना आपण जशी मधून सुरुवात करून बाहेर येतो, तसंच हे वेटोळं मधल्या भोकाजवळ सुरू होऊन कडेकडे जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आतल्या वेढ्यांत यंत्राला सर्वांत आधी लागणारी माहिती असते : ही डिस्क कोणत्या प्रकारची, किती पदरांची, तिच्यावर काय कुठे आहे. तिथेच डाग असेल तर बाकीची डिस्क लख्ख असूनही उघडत नाही.

वेटोळ्यावर सूक्ष्म खळगे असतात. सीडीवर दोन शेजारच्या वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डीव्हीडीवरचं वेटोळं उलगडलं तर किती लांब भरेल? डिस्कच्या मध्यापासून साधारण २४ मिलिमीटरवर माहिती सुरू होते आणि ५८ मिलिमीटरवर संपते. या पट्ट्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ८,७६० चौरस मिलिमीटर. त्याला वेढ्यांमधल्या अंतराने, म्हणजे ०.०००७४ मिलिमीटरने भागलं की उत्तर येतं पावणेबारा किलोमीटरहून थोडं जास्त. याच हिशेबाने सीडीचं वेटोळं साडेपाच किलोमीटरच्या आत भरतं. शिवाय डीव्हीडीवरचे खळगे सीडीच्या निम्म्या लांबीचे असतात. म्हणून सीडीवर ६५० ते ७०० मेगाबाइट मावतात आणि एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट.

आकाराने दोन्ही सारख्याच, १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाड. पण माहितीचा थर वेगळ्या ठिकाणी असतो. सीडीत तो छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ थर. त्यामुळे सीडी छापील बाजूने खरवडली गेली तर माहितीच निघून जाते आणि ती परत येत नाही. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि माहिती त्या दोहोंच्या मध्ये सुरक्षित असते. मोठ्या प्रदेशाच्या नकाशासाठी एकाखाली एक असे दोन माहितीचे थर देतात. तिला दुपदरी डिस्क म्हणतात आणि तिच्यात साडेआठ गिगाबाइट मावतात. दुपदरी डिस्कमधून परत येणारा प्रकाश एकपदरीपेक्षा बराच कमी असतो. एकपदरी डीव्हीडी पडलेल्या प्रकाशातला किमान ४५ टक्के परत पाठवते, दुपदरीचा प्रत्येक थर १८ ते ३० टक्के. पुढे हे उपयोगी पडेल.

३. वाचणारा भाग

डिस्कला काहीही टेकत नाही. खालून लेसरचा किरण येतो, भिंगातून एकवटून माहितीच्या थरावर पडतो आणि परावर्तित होऊन प्रकाश मोजणाऱ्या संवेदकावर जातो. सपाट जागेवरून भरपूर प्रकाश परत येतो, खळग्यावरून कमी. या कमी-जास्तीतून आकडे तयार होतात. लेसर, भिंग आणि संवेदक एकत्र बसवलेल्या भागाला पिकअप म्हणतात. लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्यातल्या बुधवार पेठेतला दुरुस्तीवाला ‘लेन्स गेली’ म्हणतो तेव्हा त्याला हा सगळा पिकअप अभिप्रेत असतो, फक्त भिंगाची काच नव्हे.

पिकअपला एकाच वेळी तीन कामं करावी लागतात. फिरणारी डिस्क कधीच पूर्ण सपाट नसते. ती वरखाली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत डुलू शकते, आणि तरी किरणाचा केंद्रबिंदू एक-दोन मायक्रॉनच्या आत थरावर राहावा लागतो. म्हणून भिंग बारीक तारांवर तोललेलं असतं आणि तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह त्याला सेकंदाला शेकडो वेळा वरखाली हलवतो. दुसरं काम म्हणजे शेजारच्या वेढ्यावर न घसरता आपल्याच वेढ्यावर राहणं. आणि तिसरं, अख्खा पिकअप दांड्यांवरून आतून बाहेर, बाहेरून आत सरकवणं. त्यासाठी छोटी मोटर, दातेरी पट्टी आणि दांड्यांना लावलेलं ग्रीस असतं. रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जाताना हे सगळं चालू असतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर. सीडी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाने वाचतात. डीव्हीडीचे खळगे लहान, म्हणून तिला ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश लागतो. दोन्ही वाचणाऱ्या पिकअपमध्ये सहसा दोन स्वतंत्र लेसर असतात. नकाशाची डिस्क वर्षानुवर्षं आतच असते आणि गाडी चालू असताना वाचली जाते, त्यामुळे लाल लेसरचे कामाचे तास भराभर साठतात. लेसर म्हातारा होतो म्हणजे तेवढाच प्रकाश द्यायला त्याला अधिकाधिक वीज लागते. यंत्र काही काळ वीज वाढवून सांभाळून घेतं. मर्यादा आली की प्रकाश कमी पडू लागतो. सीडीचा लेसर तोवर ताजातवाना असतो. म्हणजे गाणी वाजतात यावरून फक्त मोटर, वायरी आणि भिंगाची हालचाल बरी आहे इतकंच कळतं. लाल लेसरबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

४. गाण्यात चालतं ते नकाशात चालत नाही

उरलेलं अर्धं उत्तर चूक सुधारण्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक डिस्कवर थोडी जास्तीची माहिती मुद्दाम लिहिलेली असते. समजा लिहायचे आकडे आहेत ७, ४ आणि ९. त्यांच्यापुढे बेरीज २०सुद्धा लिहून ठेवली. नंतर ४ वर डाग पडला, तर २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळतो. डिस्कवरचं गणित याहून बरंच पुढचं आहे (इर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी ते १९६०मध्ये मांडलं), पण तत्त्व हेच. शिवाय लागोपाठचे आकडे डिस्कवर लागोपाठ लिहीत नाहीत, ते विखरून ठेवतात. त्यामुळे एका जागी डाग पडला तर वेगवेगळ्या गटांतला एकेकच आकडा जातो, आणि प्रत्येक गट आपापला आकडा भरून काढतो. सीडीवर सलग अडीच मिलिमीटर आणि डीव्हीडीवर सलग सहा मिलिमीटरपर्यंत वेटोळं खराब असलं तरी माहिती पूर्ण परत मिळू शकते.

त्यापलीकडे गेलं की गाणं आणि नकाशा यांच्या वाटा वेगळ्या होतात. गाण्यातला सेकंदाचा हजारावा भाग हरवला तर यंत्र मागच्या-पुढच्या आवाजावरून अंदाजाने तो भरतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. नकाशात अंदाज चालत नाही. रस्ता एकेरी आहे की दुहेरी, हे शेजारच्या रस्त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून एक तुकडा जरी परत मिळाला नाही तरी यंत्र थांबतं.

वाचण्याची तऱ्हाही वेगळी आहे. गाणं आतून बाहेर सरळ वाचलं जातं, पिकअप संथपणे सरकतो. नकाशात गाडी जिथे आहे तिथला तुकडा एका ठिकाणी, गावांच्या नावांची यादी दुसऱ्या, मार्ग ठरवायची माहिती तिसऱ्या ठिकाणी असते. पिकअपला डिस्कभर उड्या माराव्या लागतात. दांड्यांवरचं ग्रीस धुळीने घट्ट झालं असेल तर गाणी वाजत राहतात आणि नकाशा अडकतो.

५. वाचलं, पण नाकारलं

आता दुसरी शक्यता. यंत्राने डिस्क व्यवस्थित वाचली आणि ‘ही माझी नाही’ असं ठरवलं.

नकाशाच्या डिस्क सर्व युनिटला चालत नाहीत. एकाच कंपनीच्या गाडीत दोन वर्षांच्या अंतराने युनिट बदललेलं असतं, आणि नव्या युनिटची डिस्क जुन्याला कळत नाही. डिस्कवर आणि युनिटच्या लेबलवर मॉडेल किंवा आवृत्तीचा क्रमांक असतो, आधी तो ताडून पाहा. काही यंत्रणांत नवी डिस्क घातल्यावर आधी तिच्यावरचा प्रोग्राम युनिटमध्ये उतरतो. त्याला काही मिनिटं लागतात. मध्येच गाडी बंद केली किंवा बॅटरी उतरली तर युनिट अर्धवट अवस्थेत राहतं आणि पुढे कोणतीच डिस्क घेत नाही. म्हणून नवी डिस्क घालताना गाडी मोकळ्या जागी उभी करून इंजिन चालू ठेवावं.

जपानमधून आयात झालेल्या गाड्यांचा प्रकार निराळाच. न्यूझीलंड आणि मॉरिशसमध्ये रस्त्याची डावी बाजू, त्यामुळे जपानच्या वापरलेल्या गाड्या तिथे मोठ्या संख्येने जातात. ऑकलंडला स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या किंवा मॉरिशसच्या मराठी माणसाच्या गाडीत पडद्यावर जपानी लिपीतला संदेश कायमचा मुक्कामाला असतो, आणि त्याचा अर्थ बहुधा इतकाच की नकाशाची डिस्क घाला. मूळ डिस्क जपानमध्येच कोणी काढून घेतलेली असते. ती मिळवून घातली तरी नकाशा दिसेल तो जपानचा, ऑकलंडचे रस्ते त्यात नाहीत. तिथल्या देशाची डिस्क विकत घेऊन घातली तर जपानी युनिट तिला नाकारतं. इथे पुसणं-झाडणं, लेन्स बदलणं, सगळं व्यर्थ आहे. अशा गाडीचा एफएम रेडिओही मूळचा ७६ ते ९० मेगाहर्ट्झपुरताच असतो, म्हणून निम्मी-अधिक स्थानिक केंद्रंही लागत नाहीत, पण तो वेगळा विषय.

घरी तयार केलेली नक्कल हे नाकारलं जाण्याचं आणि वाचता न येण्याचंही कारण असू शकतं. कारखान्यात डिस्क छापतात, तिच्यात खरे खळगे असतात. घरच्या संगणकावरची डिस्क रंगद्रव्याच्या थरावर लेसरने डाग पाडून बनते, आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमधून परत येणारा प्रकाश तर छापील एकपदरीच्या निम्म्याहून कमी असतो. नव्या युनिटला ते जमून जातं. लेसर थकलेल्या युनिटला जमत नाही. स्वस्तात मिळालेली ‘ताज्या नकाशाची’ डिस्क चालत नसेल तर युनिटला दोष देण्याआधी ती कारखान्यात छापलेली आहे का ते पाहा. नकाशावर निर्मात्याचा स्वामित्वहक्क असतो, तेव्हा अशी नक्कल विकणाऱ्याकडे दाद मागायलाही जागा नसते.

६. यंत्र काय सांगतंय ते ऐका

डिस्क आत गेल्यावर यंत्र एका ठरावीक क्रमाने काम करतं. आधी भिंग वरखाली करून परावर्तन शोधतं. मिळालं तर डिस्क फिरवून आतल्या वेढ्यांतली ओळख वाचतं. ओळख पटली तर नकाशा उघडतं. ते कोणत्या पायरीवर थांबलं, यावरून बिघाड कुठे हे बरंच कळतं.

डिस्क आत असताना ‘डिस्क नाही’ असा संदेश आला, किंवा ती फिरल्याचा आवाजच आला नाही, तर परावर्तनच मिळालेलं नाही. डिस्क उलटी असेल, भिंगावर दाट थर असेल किंवा लेसर संपला असेल. ‘चुकीची डिस्क’ असा संदेश म्हणजे ओळख वाचली गेली आणि पटली नाही, म्हणजे आधी आवृत्ती तपासा. नकाशा उघडून मग ‘वाचण्यात चूक’ येत असेल तर डिस्कचा काही भाग खराब आहे किंवा पिकअप नीट सरकत नाही. संदेशांचे शब्द कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे शब्दांपेक्षा वेळेवर भर द्या. डिस्क लगेच बाहेर येते, की अर्धा मिनिट धडपडून? लगेच येत असेल तर डिस्क आत ओढणारा रबरी रूळ कडक होऊन घसरत असण्याचीही शक्यता आहे. तो भाग प्रकाशाशी नव्हे, घर्षणाशी संबंधित आहे आणि त्याची दुरुस्ती पिकअपपेक्षा स्वस्त पडते.

घराच्या आसपास नकाशा ठीक चालतो आणि विशिष्ट भागात गेलं की अडकतो, असं असेल तर तो डिस्कचा दोष समजा. त्या भागाची माहिती डिस्कवर जिथे आहे तिथे ओरखडा आहे. सकाळी चालतो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत चालत नाही, तर उष्णता कारणीभूत आहे. लेसरला उष्णता मानवत नाही, आणि डिस्क किंचित वाकली तरी किरण तिरपा परततो. थंडीत किंवा दमट हवेत उलटं होतं : गाडी सुरू केल्यावर वाचत नाही, अर्ध्या तासाने आपोआप वाचू लागतं. ते भिंगावर धरलेलं दव. त्यावर वाट पाहणं हाच उपाय.

सर्वांत उपयुक्त चाचणी फुकट आहे : तुमच्या युनिटला चालणारी दुसऱ्याची चांगली डिस्क तुमच्या गाडीत, आणि तुमची डिस्क त्याच्या गाडीत. तुमची डिस्क तिथे चालली आणि त्याची तुमच्याकडे चालली नाही, तर दोष युनिटमध्ये आहे. एकपदरी डिस्क चालते आणि दुपदरी चालत नाही असं आढळलं तर लेसर थकला आहे हे जवळपास नक्की.

७. डिस्क पुसताना

आधी डिस्क उजेडात तिरकी धरून पाहा. मधल्या भोकाभोवती तडा असेल तर ती पुन्हा यंत्रात घालू नका. फिरताना तुकडे झाले तर पिकअपही जाईल.

पुसायची दिशा मधून कडेकडे, सरळ. गोल फिरवून पुसू नये, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. पुसताना कापडातल्या कणाने एक सेंटिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद ओरखडा पडला असं समजा. तो मधून कडेकडे गेलेला असेल तर साडेतेरा हजार वेढे ओलांडतो, पण प्रत्येक वेढ्याचं नुकसान फक्त ०.२ मिलिमीटरचं. सहा मिलिमीटरच्या मर्यादेपुढे ते नगण्य आहे. तोच ओरखडा वेढ्याच्या दिशेने गेला तर त्या वेढ्याचं सलग दहा मिलिमीटर नुकसान होतं, आणि ते भरून निघत नाही.

मऊ, धागे न सुटणारं कापड, कोमट पाणी आणि लागलाच तर भांड्यांच्या द्रव साबणाचा थेंब पुरतो. बोटांचे तेलकट ठसे जात नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल आणि थिनर नको, प्लॅस्टिक पांढुरकं पडतं. टूथपेस्टने ओरखडे घासायची युक्ती सगळीकडे सांगतात. उथळ ओरखड्यावर ती कधी लागू पडते, पण ते घासकामच आहे, तेव्हा डिस्क नाहीतरी टाकायचीच असेल तर करून पाहावं. धुळीच्या एकदोन कणांची चिंता नको. डिस्कच्या पृष्ठभागावर किरण अजून एकवटलेला नसतो, तिथे तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, त्यामुळे बारीक कण त्याला अडवू शकत नाही. डिस्कवर कागदी स्टिकर मात्र कधीच लावू नये. तोल बिघडतो, आणि उन्हात तापलेल्या खणात स्टिकर सुटून आत अडकतं.

भिंगासाठी बारीक ब्रश लावलेली साफसफाईची डिस्क मिळते. कोरडी धूळ तिने निघते, धुराचा किंवा अत्तराच्या फवाऱ्याचा चिकट थर निघत नाही. गाडीच्या पुस्तिकेत अशी डिस्क वापरू नका असं लिहिलं असेल तर वापरू नका.

८. युनिट उघडायचं का?

माझा सल्ला असा की डिस्कची अदलाबदल करून दोष युनिटचाच आहे हे ठरल्याशिवाय उघडू नये. उघडण्याआधी एक गोष्ट हाताशी हवी : बॅटरी काढल्यावर तुमचं युनिट सुरक्षेसाठी संकेतांक मागतं का, आणि मागत असेल तर तो संकेतांक. तो नसताना वायर सोडली तर पडदा कुलूपबंद होतो आणि मूळ बिघाड बाजूला राहून नवीनच उपद्व्याप सुरू होतो.

उघडल्यावर भिंग अल्कोहोलमध्ये किंचित ओल्या केलेल्या कापसाने अलगद टिपायचं, दाबायचं नाही, तारा लगेच वाकतात. दांड्यांवरचं काळं पडलेलं ग्रीस पुसून प्लॅस्टिकला चालणारं नवं ग्रीस पातळ लावायचं. पिकअप हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज सरकायला हवा. एवढ्याने बरीच युनिट पुन्हा वाचू लागतात. वीज चालू असताना भिंगात डोकावू नये. बंद डब्यात लेसर निरुपद्रवी असतो, उघड्यावर डोळ्याला इजा करू शकतो, आणि सीडीचा किरण तर जवळजवळ दिसतही नाही.

काही दुरुस्तीवाले पिकअपवरचा छोटा स्क्रू फिरवून लेसरची वीज वाढवून देतात. नकाशा लगेच उघडतो, गिऱ्हाईक खूश होतं. थकलेल्या लेसरला जास्त वीज दिली की तो आणखी वेगाने संपतो, त्यामुळे ही दुरुस्ती टिकत नाही. त्यापेक्षा पिकअप बदललेला बरा. तो घेताना जुन्यावर छापलेला क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. नवा पिकअप स्थिर विजेने खराब होऊ नये म्हणून त्याच्या दोन बिंदूंवर टाक्याचा थेंब दिलेला असतो. जोडणी झाल्यावर तो काढावा लागतो. ‘नवी लेन्स टाकली तरी चालत नाही’ या तक्रारीचं कारण कधीकधी न काढलेला तो थेंबच असतो.

९. खर्च कुठे थांबवायचा

डिस्क पुसणं, आवृत्ती तपासणं आणि दुसरी डिस्क लावून पाहणं, हे प्रत्येकाने करावं. भिंग आणि दांड्या साफ करण्याची मजुरी वाजवी असेल तर तीही द्यावी. त्यापुढे जाण्याआधी तुमच्या युनिटसाठी छापलेली शेवटची डिस्क कोणत्या वर्षाची, हे शोधा. डीव्हीडीवर चालणाऱ्या अनेक यंत्रणांसाठी नवे नकाशे छापणं केव्हाच बंद झालं आहे, आणि दहा-पंधरा वर्षं जुना नकाशा नव्या उड्डाणपुलावर तुम्हाला शेतातून चालवत नेईल. अशा नकाशासाठी नवा पिकअप घेण्यात अर्थ नाही. मागचा कॅमेरा, एसी किंवा गाण्यांची बटणं त्याच पडद्यावर असतील तर युनिट काढून टाकू नका, डिस्कचा खण रिकामा ठेवून वापरत राहा आणि रस्ता फोनवर पाहा. जुनी गाडी मूळ रूपात जपण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी. मग पिकअप जरूर बदलून घ्या, आणि मूळ छापील डिस्क डब्यात घालून घरात ठेवा, उन्हातल्या गाडीत नको.